चेहऱ्याचे माजघर

वरच्या दाढेचे दुखणे, गालाचा बधिरपणा, डोळ्याखालची सूज आणि टाळूवरचा काळसर डाग ही वरवर पाहता चार निराळी दुखणी आहेत. परंतु नाकाच्या मागे, कवटीच्या तळाशी अशी एक चिंचोळी जागा आहे, जेथे या चारही अवयवांच्या वाटा एकत्र येतात. घरातील वडीलधाऱ्यांची काळजी घेणाऱ्या प्रत्येकाला या जागेची तोंडओळख असावी, यासाठी हा लेख.

२०२१ च्या मे महिन्यातील एक दुपार. थोरल्या वहिनींचा फोन आला. वय अडुसष्ट, पंधरा वर्षांचा मधुमेह, आणि कोरोनातून उठून जेमतेम दोन आठवडे झालेले. आजारपणात त्यांना स्टेरॉइडची इंजेक्शने द्यावी लागली होती आणि त्या काळात रक्तातील साखर फारच वर गेली होती. त्या म्हणाल्या, "भावोजी, उजवीकडची वरची दाढ ठणकतेय. बाकी काही नाही." मी म्हणालो, "मग दाढच असेल. दातांच्या डॉक्टरांना दाखवून घ्या." डॉक्टरांनी दाढ तपासली, कीड दिसली नाही म्हणून वेदनाशामक गोळ्या दिल्या. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फोन आला. आवाज शांत होता. "दुखणं कमी आहे हो; पण तोंड धुताना उजव्या गालावर पाणी लागलेलंच कळत नाही. आणि त्या बाजूचं नाक चोंदलंय."

मी एका वैद्यकीय महाविद्यालयात तीस वर्षांहून अधिक काळ शरीररचनाशास्त्र शिकवले. टेबलावर कवटी ठेवून, खराट्याचा हीर एकेका छिद्रातून घालून, 'हा येथून आत गेला, सांगा कोठे बाहेर पडेल?' असे विद्यार्थ्यांना विचारण्यात माझी हयात गेली. दाढ, गाल आणि नाक हे तीन शब्द एका बाजूचे म्हणून कानी पडताच तो हीर मला पुन्हा डोळ्यांपुढे दिसला. तीन दिवसांपूर्वी तो दिसायला हवा होता. त्या दिवशी मी शिक्षक नव्हतो, केवळ घाईत असलेला दीर होतो. ही रुखरुख अजूनही मनात आहे, आणि हा लेख लिहिण्यामागे तिचा वाटा मोठा आहे.

जागा कोठे आहे?

वैद्यकशास्त्रात या जागेला 'टेरिगोपॅलाटाइन फॉसा' असे लांबलचक नाव आहे. गालाच्या हाडाच्या कमानीखाली बोट टेकवले, तर तेथून आत, सुमारे पाच सेंटिमीटर खोलीवर ही पोकळी असते. तिचा आकार उलट्या धरलेल्या शंकूसारखा, वर रुंद व खाली निमुळता असून उंची जेमतेम दोन सेंटिमीटर भरते. म्हणजे एखाद्या मोठ्या शेंगदाण्याएवढी जागा.

तिच्या भिंती तीन हाडांच्या आहेत. पुढे वरच्या जबड्याचे हाड. त्याच्या आत सायनसची हवेची पोकळी. मागे स्फेनॉइड हे पंख पसरलेल्या वाघळासारखे दिसणारे हाड. मराठी परिभाषेत त्याला 'जतुकास्थी' म्हणतात आणि जतुका म्हणजे वटवाघूळच. आतल्या बाजूला टाळूच्या हाडाचा उभा पातळ पत्रा, आणि त्यापलीकडे नाक. बाहेरच्या बाजूला मात्र भिंत नाही, केवळ एक उभी फट आहे. आतमध्ये मऊ चरबी भरलेली असते आणि त्या चरबीत मज्जातंतू, धमन्या, शिरा व एक छोटीशी चेतागुच्छिका अलगद बसवलेली असतात.

जुन्या वाड्यांत माजघर असे. त्याला रस्त्याकडे उघडणारी खिडकी नसे, पाहुण्याला ते दिसत नसे. परंतु ओटीवरून, स्वयंपाकघरातून, देवघरातून, बाळंतिणीच्या खोलीतून येणारी दारे त्यातच उघडत. घरातील सगळी ये-जा तेथून होई. ही पोकळी म्हणजे चेहऱ्याचे माजघर होय.

सात वाटा

या माजघराच्या वाटा साधारणपणे सात मोजतात. नावे लक्षात ठेवण्याची गरज नाही. कोणती वाट कोठे जाते, एवढे ध्यानात राहिले तरी पुरे.

पहिली वाट मागून येते. स्फेनॉइड हाडातील एका गोल रंध्रातून मेंदूच्या कप्प्यातून निघालेला 'मॅक्सिलरी' हा जाड मज्जातंतू आत शिरतो. चेहऱ्याची संवेदना वाहून नेणाऱ्या पाचव्या मस्तिष्क-चेतेची ही मधली शाखा. खालची पापणी, गाल, नाकाची बाजू, वरचा ओठ, वरचे सर्व दात व हिरड्या, टाळू आणि नाकाचा आतील भाग यांची जाणीव तिच्याकडे असते.

दुसरी वाटही मागूनच येते. हा एक बारीक बोगदा असून सोळाव्या शतकातील इटालियन वैद्य ग्विदो ग्विदी यांच्या लॅटिन नावावरून त्याला 'व्हिडियन' म्हणतात. डोळ्यांत पाणी आणणारे व नाक ओले ठेवणारे तंतू या बोगद्यातून येतात.

तिसरी वाट मागे व आतल्या अंगाला घशाच्या वरच्या भागाकडे जाते. चौथी, आतल्या भिंतीतील छिद्रातून, थेट नाकात उघडते; नाकाच्या मागील भागाला रक्त पुरवणारी मुख्य धमनी येथून जाते. पाचवी वाट वरच्या पुढच्या बाजूने डोळ्याच्या खोबणीत शिरते. तेथून मॅक्सिलरी मज्जातंतूचा पुढचा भाग खोबणीच्या तळातून सरकत जातो आणि डोळ्याखाली, वरच्या जबड्याच्या हाडातील एका छिद्रातून त्वचेत पसरतो. सहावी म्हणजे बाहेरची उभी फट. जबड्याच्या बाजूने येणारी धमनी या फटीतून आत येते आणि वरच्या दाढांचे मज्जातंतू याच फटीतून बाहेर पडतात. सातवी वाट खाली उतरते आणि टाळूवर, अक्कलदाढेच्या जवळ उघडते. टाळूला बधिर करण्यासाठी दंतवैद्य सुई टोचतात, ती याच दाराशी.

आता वहिनींची तक्रार पुन्हा वाचून पाहावी. दाढ ही सहावी वाट, गाल ही पाचवी, नाक ही चौथी. तीन दारांवर एकाच वेळी थाप पडत असेल, तर थाप देणारा बहुधा माजघरातच उभा असतो.

डोळ्यांतले पाणी आणि कोरडे तोंड

भीतीकडे वळण्यापूर्वी या जागेचे रोजचे काम पाहू. येथील चेतागुच्छिकेचे वर्णन जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ योहान फ्रीडरिश मेकेल यांनी १७४८ मध्ये, पाचव्या मस्तिष्क-चेतेवरील आपल्या प्रबंधात केले. डोळ्यांतील अश्रुग्रंथी, नाकाचे अस्तर आणि टाळूच्या ग्रंथी यांना 'स्रवा' असा निरोप या गुच्छिकेतून जातो. कांदा चिरताना डोळ्यांना येणारे पाणी, झणझणीत रस्सा ओरपताना वाहू लागलेले नाक, या साऱ्यामागे तीच असते. उतारवयात जेवताना नाक वाहण्याची तक्रार पुष्कळांना असते. दोन्ही नाकपुड्यांतून पाण्यासारखे, केवळ जेवताना येत असेल तर त्यात घाबरण्याजोगे काही नाही. जवळ एक स्वच्छ रुमाल ठेवावा, एवढेच. मात्र एकाच नाकपुडीतून, वाकल्यावर थेंब थेंब स्वच्छ पाणी गळत असेल, विशेषतः डोक्याला मार लागल्यानंतर, तर ते डॉक्टरांना दाखवावे.

याच्या उलट, डोळे, नाक व तोंड कोरडे पडणे ही वृद्धांची नेहमीची तक्रार. वय हे त्याचे एक कारण. दुसरे कारण बहुतेकदा औषधांच्या डब्यात सापडते. सर्दी-ॲलर्जीच्या झोप आणणाऱ्या जुन्या गोळ्या, लघवी वारंवार होऊ नये म्हणून दिलेली काही औषधे, नैराश्यावरची काही औषधे ही ग्रंथींना मिळणारा 'स्रवा' हा निरोपच अडवतात. तोंड कोरडे पडले की कवळी नीट बसत नाही, टाळूला घासते, जखम होते. आजोबांनी कवळी काढून ठेवली आणि जेवण कमी केले, तर हट्ट समजून रागावण्याआधी त्यांच्या सर्व गोळ्यांची यादी डॉक्टरांना एकदा दाखवावी. कोणतेही औषध मनाने बंद करू नये.

नाकातून येणारे रक्त

लहान मुलांच्या नाकातून येणारे रक्त बहुधा नाकाच्या पुढच्या भागातील असते आणि चिमटीत धरल्याने थांबते. उतारवयात मात्र रक्त कधीकधी मागच्या भागातून, म्हणजे चौथ्या वाटेने नाकात आलेल्या धमनीच्या शाखांतून येते. ते पुढे कमी आणि घशात अधिक उतरते, त्यामुळे किती गेले याचा अंदाज घरच्यांना येत नाही. रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या चालू असतील, तर ते लवकर थांबतही नाही.

अशा वेळी आपल्याकडे रुग्णाला आडवे निजवून डोक्यावर पाणी मारण्याची पद्धत आहे. ती टाळावी. रुग्णाला खुर्चीवर बसवावे, किंचित पुढे वाकवावे, नाकाचा मऊ भाग दोन्ही बाजूंनी चिमटीत घट्ट धरावा आणि घड्याळ लावून दहा ते पंधरा मिनिटे सोडू नये. श्वास तोंडाने घ्यावा. घशात आलेले रक्त गिळू न देता थुंकायला सांगावे. पोटात गेलेल्या रक्ताने उलटी होते. एवढे करूनही रक्त थांबले नाही, घशात उतरतच राहिले, चक्कर आली, किंवा रुग्ण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असेल, तर रुग्णालय गाठावे. जाताना गोळ्यांची चिठ्ठी बरोबर न्यावी. या गोळ्या हृदयासाठी वा पक्षाघात टाळण्यासाठी दिलेल्या असतात. त्या थांबवायच्या की नाही हे डॉक्टर ठरवतील.

पूर्वी अशा रक्तस्रावासाठी नाकात कापसाची वा कापडाची पट्टी कोंबून अनेक दिवस ठेवावी लागे. ती आजही वापरतात. परंतु रक्त थांबत नसेल तर दुर्बिणीतून चौथ्या वाटेच्या तोंडाशीच धमनी बंद करता येते. शल्यविशारदाला हे साधते ते ती वाट नेमकी कोठे उघडते हे ठाऊक असल्यामुळेच.

विजेसारखी कळ

दात घासताना, दाढी करताना, घास चावताना, नुसती वाऱ्याची झुळूक लागली तरी गालात विजेचा झटका बसावा तशी कळ येणे, ती काही सेकंदांत जाणे आणि पुन्हा येणे, या दुखण्याला 'ट्रायजेमिनल न्यूराल्जिया' म्हणतात. ते पन्नाशीनंतर अधिक आढळते. त्याचे मूळ पुष्कळदा मेंदूच्या लगत, मज्जातंतूच्या मुळावर रक्तवाहिनीचा दाब पडण्यात असते. परंतु कळ जाणवते ती दाढेत. त्यामुळे निरोगी दाढा एकामागून एक काढल्या गेलेले रुग्ण मी पाहिले आहेत. दाढा गेल्या, कळ राहिली. दंतवैद्याला दाढेत काही सापडत नसेल, तर दाढ काढण्याचा आग्रह धरू नये. मज्जातंतूंच्या डॉक्टरांना दाखवावे. या दुखण्यावर दिल्या जाणाऱ्या कार्बामेझेपिन या औषधाने अनेकांना चांगला आराम पडतो. मात्र वृद्धांमध्ये त्याने झोक जाणे, गुंगी येणे आणि रक्तातील सोडियम उतरणे हे परिणाम होऊ शकतात. औषध सुरू झाल्यावर आजी अचानक असंबद्ध बोलू लागल्या, तर ते वयाच्या माथी मारू नये. डॉक्टरांना लगेच कळवावे.

चेहऱ्याच्या एकाच बाजूला आग, टोचणी आणि त्यानंतर दोन-तीन दिवसांत पाण्याचे फोड उठले, तर ती नागीण असू शकते. फोड आल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूविरोधी औषध सुरू झाले तर लाभ अधिक होतो. डोळ्याजवळ फोड असतील तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी जावे.

दुखणे परवडले, बधिरपणा नको

आपल्याकडे दुखणे हीच आजाराची खूण मानली जाते. 'दुखत नाही ना, मग असू दे' हे वाक्य मी असंख्य घरांतून ऐकले आहे. चेहऱ्याच्या बाबतीत हे वाक्य धोक्याचे आहे. मज्जातंतू चिडला की दुखतो आणि मरू लागला की गप्प होतो. वहिनींचे दुखणे तिसऱ्या दिवशी कमी झाले ते याच कारणाने.

गाल, वरचा ओठ किंवा टाळू यांचा एका बाजूचा बधिरपणा आपोआप जात नसेल, तर त्याचे कारण शोधलेच पाहिजे. टाळूच्या लाळग्रंथींचे काही कर्करोग मज्जातंतूच्या आवरणाला धरून, वेलीने दोरीवर चढावे तसे, सातव्या वाटेने या माजघरापर्यंत आणि तेथून गोल रंध्रातून मेंदूच्या दिशेने सरकतात. ही वाटचाल महिनोन्महिने चालते आणि त्या काळात रुग्णाला एखादा बधिर ठिपका, मुंग्या एवढेच जाणवते. तंबाखू किंवा मिश्री लावण्याची सवय असलेल्या घरांत तोंडातील न भरणाऱ्या जखमेकडे लक्ष ठेवायचे हे आता अनेकांना माहीत झाले आहे. त्याच्या जोडीला बधिरपणाचेही नाव लक्षात ठेवावे.

काळी बुरशी आणि उघडी दारे

२०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेबरोबर म्युकरमायकोसिस हा शब्द महाराष्ट्रात घरोघरी पोहोचला. गुजरात आणि महाराष्ट्र या राज्यांत त्याचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले आणि त्या मे महिन्यात केंद्र सरकारने प्रत्येक रुग्णाची नोंद कळवण्याची सूचना राज्यांना दिली. लोक त्याला 'काळी बुरशी' म्हणू लागले. वस्तुतः बुरशी काळी नसते, तिच्यामुळे मेलेला ऊतक काळा पडतो.

या बुरशीचे कण हवेत, मातीत, कुजलेल्या पाल्यात नेहमीच असतात आणि आपण ते श्वासातून घेतही असतो. निरोगी शरीर त्यांना दाद देत नाही. ती एका माणसाकडून दुसऱ्याला लागत नाही. मात्र रक्तातील साखर फार वाढलेली असेल, स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती मंदावलेली असेल, तर ती नाकात मूळ धरते. तिची ओढ रक्तवाहिन्यांकडे असते. वाहिनीच्या भिंतीत शिरून ती आतले रक्त गोठवते, आणि रक्त न मिळालेला भाग मरतो. नाकातून चौथ्या वाटेने ती माजघरात पोहोचली, की पुढे सगळीच दारे तिला उघडी असतात: पाचव्या वाटेने डोळा, सातव्या वाटेने टाळू, पहिल्या वाटेने मेंदू. म्हणूनच या आजारात शस्त्रक्रिया करताना शल्यविशारद सायनसच्या मागची ही पोकळी आवर्जून तपासतात.

सीटी स्कॅनमध्ये निरोगी माजघर गडद दिसते, कारण तेथे चरबी असते. ही चरबी करडी दिसू लागली, की क्ष-किरणतज्ज्ञ सावध होतात. वहिनींच्या स्कॅनमध्ये डावीकडची पोकळी गडद होती आणि उजवीकडची करडी. ते चित्र मी विद्यार्थ्यांना अनेकदा दाखवले होते. घरच्या माणसाच्या नावाखाली ते पाहताना मला बसावे लागले.

दुर्बिणीने नाकातील नमुना घेतला गेला आणि दुसऱ्याच दिवशी शस्त्रक्रिया झाली. उजवीकडचा वरच्या जबड्याचा व टाळूचा काही भाग काढावा लागला. पुढे अनेक आठवडे ॲम्फोटेरिसिनची सलाइनमधून दिली जाणारी मात्रा चालली; त्या औषधाचा मूत्रपिंडावर भार पडतो आणि पोटॅशियम उतरते, म्हणून वारंवार रक्ततपासणी होत राहिली. डोळा वाचला. तीन दिवस आधी गेलो असतो तर जबडाही वाचला असता का, हे कोणी सांगू शकणार नाही. वहिनींनी मला तसे कधी विचारलेले नाही. आता टाळूची पोकळी झाकणारी खास कवळी त्या वापरतात. सुरुवातीला पाणी पिताना ते नाकातून येई आणि त्या चारचौघांत जेवायला बसत नसत. कवळी नीट बसवून घेण्यात अनेक खेपा झाल्या. गेल्या वर्षी नातवाच्या मुंजीत त्या पंगतीत बसल्या, हे मी मुद्दाम पाहून घेतले.

कोरोनाची ती लाट ओसरली; परंतु मधुमेह आपल्या घरांतून गेलेला नाही, आणि अनियंत्रित मधुमेहाच्या रुग्णांत हा आजार आजही आढळतो. दमा, संधिवात किंवा इतर आजारांसाठी स्टेरॉइड घेणाऱ्यांनीही साखरेवर बारीक लक्ष ठेवावे. घाबरून स्टेरॉइड मात्र एकाएकी बंद करू नये, कारण तेही जिवावर बेतू शकते.

काळजी घेणाऱ्यांसाठी दोन मिनिटांची पाहणी

घरात मधुमेही, अंथरुणाला खिळलेले किंवा नुकतेच मोठ्या आजारातून उठलेले ज्येष्ठ असतील, तर आठवड्यातून एकदा, आणि आजारपणाच्या काळात रोज, पुढील पाहणी करावी. तिला पैसे लागत नाहीत. एक विजेरी, कापसाचा बोळा आणि थोडा उजेड पुरतो.

१. दोघांनी समोरासमोर बसावे. दोन्ही डोळे सारखे दिसतात का, एकाखाली सूज किंवा लाली आहे का, पापणी खाली आली आहे का, एक वस्तू दोन दिसते का, हे पाहावे व विचारावे.

२. ज्येष्ठांना डोळे मिटायला सांगून कापसाचा बोळा दोन्ही गालांवर, नाकाच्या दोन्ही बाजूंना आणि वरच्या ओठावर आळीपाळीने हलकेच फिरवावा. 'दोन्हीकडे सारखं लागतं का?' एवढाच प्रश्न विचारावा.

३. कवळी काढून, विजेरीच्या उजेडात टाळू पाहावा. काळा वा पांढुरका डाग, न भरणारी जखम, अचानक हलू लागलेले वरचे दात यांची नोंद घ्यावी. पुष्कळ घरांत टाळू कित्येक महिने कवळीआडच राहतो, म्हणून कवळी काढायला विसरू नये.

४. एकाच नाकपुडीतून रक्तमिश्रित, काळपट किंवा दुर्गंधीचा स्राव येतो का, एकच बाजू सतत चोंदलेली आहे का, हे विचारावे.

५. साखरेचे आकडे वहीत लिहून ठेवावेत आणि डॉक्टरांकडे जाताना ती वही न्यावी.

यांपैकी एखादी साधी तक्रार एकटी असेल, तर नेहमीच्या डॉक्टरांना दाखवणे पुरेसे आहे. परंतु एकाच बाजूच्या दोन किंवा अधिक खुणा एकत्र दिसल्या, आणि रुग्ण मधुमेही असेल, तर सकाळची वाट पाहू नये. डोळ्याची सूज, एक वस्तू दोन दिसणे, नजर कमी होणे किंवा टाळूवर काळा डाग यांतील एकच खूण असली तरी हाच नियम. कान-नाक-घसा तज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात त्याच दिवशी जावे, आणि तेथे सर्व तक्रारी एका दमात सांगाव्यात.

हे शेवटचे सर्वांत महत्त्वाचे आहे. आपण दाढ दातांच्या डॉक्टरांना सांगतो, डोळा डोळ्यांच्या डॉक्टरांना आणि नाक तिसऱ्याला. प्रत्येकाला गोष्टीचा एकेक तुकडा मिळतो आणि माजघर कोणालाच दिसत नाही. सगळे तुकडे ज्याच्याजवळ असतात असा एकच माणूस असतो, तो म्हणजे घरात काळजी घेणारा. मुलगी, सून, मुलगा, जोडीदार किंवा पगारी सेविका, जे कोणी असेल, त्यांनी एका कागदावर तारखेनिशी लिहावे: कोणत्या बाजूला, काय, कधीपासून. त्या कागदाचे मोल एखाद्या महागड्या तपासणीहून कमी नाही.

माझ्या कपाटात आजही ती जुनी कवटी आणि हिरांची जुडी आहे. विद्यार्थी आता येत नाहीत. परंतु वहिनींचा फोन आला आणि त्या 'काही नाही, जरा दुखतंय' म्हणाल्या, की मी आता प्रथम विचारतो, "कोणत्या बाजूला, आणि त्या बाजूला आणखी काय?" त्या हसतात आणि सांगतात.